नाना शंकरशेटांचं नाव लावताना त्यांचं म्हणणंही वाचा : मुंबई महापालिकेला खुलं पत्र

प्रति,
मा. आयुक्त, सर्व नगरसेवक आणि शिक्षण विभागाचे अधिकारी,
बृहन्मुंबई महानगरपालिका

विषय : जगन्नाथ ऊर्फ नाना शंकरशेट यांचा वारसा आणि महापालिकेच्या मराठी शाळा

सप्रेम नमस्कार,

नाना शंकरशेटांच्या नावाची या शहरात वानवा नाही. नाना चौक आहे. गिरगावातून जाणारा जगन्नाथ शंकरशेट मार्ग आहे. टाऊन हॉलमध्ये त्यांचा संगमरवरी पुतळा आहे. मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं मुंबई सेंट्रल स्थानकाला त्यांचं नाव देण्याचा निर्णय घेतला आणि भुयारी मेट्रोच्या तिथल्या स्थानकावर ते लागलंही. दर वर्षी १० फेब्रुवारीला जयंती होते, ३१ जुलैला पुण्यतिथी होते, हार घातले जातात. याचा मला आनंदच आहे. ज्या माणसानं मुंबई घडवली त्याचं नाव मुंबईकराच्या तोंडी राहायलाच हवं.

पण मी हे पत्र आणखी एका नावासाठी लिहीत नाही. नानांनी १८४७ मध्ये सरकारी शिक्षण मंडळापुढे एक मत लेखी मांडलं होतं : सर्वसामान्यांपर्यंत ज्ञान न्यायला देशी भाषाच अधिक योग्य आहेत. पावणेदोनशे वर्षं उलटून गेली तरी ते मत आज नेमकं तुमच्या टेबलावर येऊन पडलं आहे, कारण मुंबईतली सर्वाधिक गरीब मुलं ज्या शाळांत शिकतात त्या तुम्ही चालवता. आपण ते मत वाचावं आणि शाळांचे निर्णय घेताना ते समोर ठेवावं, एवढंच मागणं मागायला हे पत्र आहे.

नाना कोण होते, हे थोडक्यात सांगतो. १८०३ साली मुरबाडला जन्म, घराणं दैवज्ञ सोनारांचं, आडनाव मुरकुटे, आणि धंदा मोठ्या व्यापाराचा. फोर्टातल्या जुन्या गनबो स्ट्रीटचं नाव त्यांच्या पूर्वजांवरून, गणबाशेटांवरून पडलं असं मानतात. १८२२ मध्ये वडील वारले तेव्हा नाना जेमतेम विशीत होते आणि सारा कारभार अंगावर आला. अरब आणि अफगाण व्यापारी आपला पैसा पेढ्या-बँकांपेक्षा त्यांच्याकडे निर्धास्तपणे ठेवत, इतका त्यांच्या शब्दाला भाव होता. हा भाव त्यांनी कशासाठी वापरला, तिथून त्यांची खरी गोष्ट सुरू होते.

त्यांच्या कामांची यादी नेहमी दिली जाते. १८५३ च्या १६ एप्रिलला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी धावली, त्या खटपटीत जमशेटजी जीजीभाईंबरोबर नाना पहिल्यापासून होते. १८५२ च्या ऑगस्टमध्ये बॉम्बे असोसिएशन स्थापन झाली, तिच्यामागे नाना आणि डॉ. भाऊ दाजी लाड होते; ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभाराबद्दलचं गाऱ्हाणं तिनं थेट ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत नेलं. राणीच्या बागेतल्या संग्रहालयाची कोनशिला १८६२ मध्ये बसली, त्याच्या समितीचे अध्यक्ष नाना होते. ते संग्रहालय आज आपल्याच मालकीचं आहे आणि भाऊ दाजींच्या नावानं ओळखलं जातं. १८६२ साली मुंबईच्या विधिमंडळात ते सभासद झाले. आपल्या महापालिकेला कायद्यानं रूप देणारा कायदा १८६५ चा आणि नाना गेले तेही १८६५ मध्येच. म्हणजे तुमची संस्था सुरू होत होती तेव्हा तिला ज्यांचा हात लागायला हवा होता, ते नेमके त्याच वर्षी गेले. हा योगायोग मला फार चटका लावून जातो.

आता शिक्षणाकडे येतो, कारण नानांच्या आयुष्याचा मोठा भाग तिथेच गेला.

१८२० च्या दशकात मुंबईत एतद्देशीयांच्या, म्हणजे इथल्या लोकांच्या, शाळा आणि पुस्तकांसाठी एक सोसायटी निघाली. तिची पाठ्यपुस्तकं, तिच्या शाळा, तिच्या बैठका यांत नाना सुरुवातीपासून होते. त्या काळची एक गोष्ट आज फारशी कुणाला ठाऊक नसते. गणित आणि भूमितीची पुस्तकं तेव्हा मराठीत तयार होत होती. कॅप्टन जर्व्हिस हा लष्करी इंजिनिअर शास्त्रीमंडळींना हाताशी धरून ती लिहून घेत होता आणि इंजिनिअरिंगचे धडे मराठी-गुजरातीतून देत होता. १८२६ मध्ये देशी भाषांतून वैद्यक शिकवणारी शाळाही निघाली. ती सहा वर्षांत बंद पडली हे खरं, पण शास्त्र मराठीतून शिकवता येईल असं मानणारी माणसं त्या वेळी मुंबईत होती आणि त्यांनी करून पाहिलं होतं.

याच वातावरणात १८२७ उजाडलं. गव्हर्नर एल्फिन्स्टन मुंबई सोडून निघाले. त्यांचा गौरव कसा करायचा, याचा विचार शहरातल्या शेटसावकारांनी केला. पुतळा किंवा चित्र एवढ्यावर हे लोक थांबले नाहीत. एल्फिन्स्टनच्या नावानं निधी उभारायचा आणि त्यातून इंग्रजी भाषा, युरोपातली शास्त्रं आणि कला शिकवणारे प्राध्यापक आणायचे, असं ठरलं. वर्गणीची रक्कम पुढे चार लाखांच्या वर गेली. त्या काळचे चार लाख! निधी उभा करणाऱ्यांत नाना पुढे होते. १८३५ च्या सुमारास पहिले प्राध्यापक विलायतेहून आले, त्यातून एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशन आणि पुढे एल्फिन्स्टन कॉलेज उभं राहिलं. बाळशास्त्री जांभेकरांनी तिथे शिकवलं. दादाभाई नौरोजी आणि भाऊ दाजी तिथे शिकले. या शहराच्या सार्वजनिक जीवनाची पहिली फळी त्या वर्गांतून बाहेर पडली.

म्हणजे नाना इंग्रजीचे विरोधक नव्हते. इंग्रजी शिकवण्यासाठी स्वतः झोळी फिरवणारा हा माणूस होता. हे आधी सांगून ठेवतो, कारण आज मराठी शाळांची बाजू कुणी घेतली की त्याला लगेच इंग्रजीचा शत्रू ठरवतात.

१८४० मध्ये सोसायटीची जागा सरकारी शिक्षण मंडळानं घेतली. त्यात तीन एतद्देशीय सभासद होते : जगन्नाथ शंकरशेट, फ्रामजी कावसजी आणि महंमद इब्राहिम मक्बा. एक हिंदू, एक पारशी, एक मुसलमान. नाना पुढे जवळजवळ सोळा वर्षं या मंडळावर राहिले. १८४३ पासून मंडळाचे अध्यक्ष होते सर अर्स्किन पेरी, मुंबईतल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती. पेरीसाहेबांचं मत ठाम होतं : सरकारचा पैसा थोडा आहे, तो वरच्या वर्गातल्या थोड्या मुलांना उत्तम इंग्रजी शिक्षण देण्यावर खर्च करावा, ते ज्ञान पुढे आपोआप खाली झिरपेल. बंगालमध्ये मेकॉलेचं, म्हणजे इंग्रजीतून शिक्षण देण्याचं, धोरण आधीच आलेलं होतं. मुंबईही त्याच वाटेनं जावी, अशी पेरींची इच्छा होती.

१८४७ मध्ये मंडळात उभी फूट पडली. जर्व्हिस, आता कर्नल झालेले, आणि तिन्ही एतद्देशीय सभासद एका बाजूला. पेरी आणि इतर युरोपीय सभासद दुसऱ्या बाजूला. नानांनी आपलं मत लेखी दिलं. त्याचा आशय असा : इंग्रजीच्या अभ्यासाला माझा अजिबात विरोध नाही, पण ती भाषा सर्वसामान्य लोकांच्या आवाक्यात कधीच येणार नाही. पश्चिम हिंदुस्थानातल्या लोकांपर्यंत उपयुक्त ज्ञान न्यायचं असेल, तर त्याला देशी भाषाच अधिक योग्य आहेत. वाद सरकारपर्यंत गेला. १८४८ मध्ये सरकारनं मधला मार्ग काढला. वरच्या शिक्षणात इंग्रजी राहिलं, पण खालच्या शाळा मराठी-गुजरातीतूनच चालाव्यात, हे मुंबई इलाख्यात टिकलं. हे टिकलं त्याचं मोठं श्रेय त्या चार सभासदांच्या हट्टाला आहे, आणि त्या चौघांत सर्वांत वजनदार आवाज नानांचा होता.

मला या प्रसंगाचं फार मोल वाटतं. सरकारमान्य मंडळात बसून, न्यायमूर्तीच्या तोंडावर, लेखी आणि मुद्देसूद विरोध करायचा, तोही स्वतःच्या फायद्यासाठी नाही. नानांच्या घरची मुलं इंग्रजी शिकणारच होती, त्यांना मास्तर घरी येऊन शिकवू शकत होते. नाना भांडले ते इतरांच्या मुलांसाठी. देणगी देणारे शेट मुंबईत पुष्कळ झाले आणि त्यांचे उपकारही शहरावर मोठे आहेत. पण देणगीबरोबर मतही देणारे, त्या मतासाठी साहेबाची नाराजी ओढवून घेणारे फार थोडे. १८५७ नंतर याच नानांवर सरकारनं संशय घेतला, चौकशी केली आणि काही निष्पन्न झालं नाही. वजनदार माणसालाही बोलण्याची किंमत मोजावी लागत होती.

मुलींच्या बाबतीतही ते असेच वागले. १८४८ मध्ये एल्फिन्स्टनच्या प्राध्यापक आणि विद्यार्थ्यांनी स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी काढली आणि पुढच्याच वर्षी मराठी व पारशी मुलींसाठी शाळा सुरू केल्या. दादाभाईंसारखे तरुण फुकट शिकवत होते. मुलींच्या शाळेला जागा कोण देणार? पुण्यात जोतिराव आणि सावित्रीबाईंना याच सुमारास काय सोसावं लागत होतं, ते आपण जाणतो. नानांनी गिरगावातल्या आपल्या वाड्यात जागा दिली. शेटांच्याच वाड्यात शाळा भरते म्हटल्यावर बोलणाऱ्यांची तोंडं निम्मी तरी बंद झाली असणार, असं मला वाटतं. पैशापेक्षा प्रतिष्ठा पणाला लावणं अधिक अवघड असतं.

आता एक अवघड गोष्टही सांगायला हवी, नाहीतर हे पत्र नुसतं गुणगान होईल. नाना ज्या जनसामान्यांच्या आवाक्याबद्दल बोलत होते, त्या जनसामान्यांची मुलं त्यांच्या शाळांत बहुतेक नव्हतीच. एल्फिन्स्टनच्या बाकांवर ब्राह्मण, प्रभू, पारशी आणि इतर सधन जातींची मुलं होती. शेतकऱ्याचा, कोळ्याचा, गवंड्याचा, झाडूवाल्याचा मुलगा तिथे दिसत नव्हता. १८८२ मध्ये सरकारनं शिक्षणासाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे जोतिराव फुल्यांनी हीच गोष्ट कडक शब्दांत मांडली आणि प्राथमिक शिक्षण सर्वांपर्यंत न्या, अशी मागणी केली. नानांचं मत बरोबर होतं, पण ज्यांच्यासाठी ते होतं ती मुलं अजून वर्गाबाहेर होती.

आयुक्तसाहेब, ती मुलं आज तुमच्या वर्गात आहेत.

महापालिकेच्या शाळेत कोण येतं, ते आपल्याला मी सांगायला नको. घरकाम करणाऱ्या बाईची मुलगी, हमालाचा मुलगा, सफाई कामगाराची मुलं, नाक्यावर काम शोधणाऱ्या मजुराची मुलं. नानांच्या मताला ज्या विद्यार्थ्याची वाट पाहावी लागली, तो विद्यार्थी अखेर शाळेत आला. आणि तो आला तेव्हाच आपण मराठी शाळांचा आधार काढून घेत आहोत. गेली अनेक वर्षं महापालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळा आणि त्यांचा पट सतत घटत आहे. पट कमी झाला की तुकड्या जोडल्या जातात, मग शाळा शेजारच्या शाळेत विलीन होते, शिक्षक अतिरिक्त ठरतात, आणि एके दिवशी इमारतीवर दुसरी पाटी येते. यातलं प्रत्येक पाऊल कागदावर बिनचूक असतं. सगळी पावलं मिळून कुठे जातात, हे मात्र कुठल्याच फायलीत लिहिलेलं नसतं.

मी महापालिकेच्याच मराठी शाळेत शिकलो. म्हणून मला पालकांना दोष देणं जमत नाही. आपल्या पोराला इंग्रजी यावं, ही इच्छा अत्यंत रास्त आहे आणि नानांनाही ती रास्त वाटली असती. पालकाला इंग्रजी हवं असतं, ते चुकीचं नाही. चूक अशी होते की इंग्रजी येणं आणि सगळं इंग्रजीतून शिकणं यांतला फरक त्याला कुणी समजावून सांगत नाही. चौथीतल्या मुलाला अपूर्णांक न समजलेल्या भाषेत शिकवले, तर त्याला ना अपूर्णांक येतात ना ती भाषा. ज्याच्या घरी इंग्रजी बोलणारं कुणी नाही, शिकवणीला पैसे नाहीत, त्याचं नुकसान सर्वांत जास्त होतं. शिक्षण हक्क कायदा २००९ मध्ये सांगतो की शक्य तिथवर शिक्षणाचं माध्यम मुलाची मातृभाषा असावं. २०२० चं राष्ट्रीय शिक्षण धोरण किमान पाचवीपर्यंत, आणि शक्य तर आठवीपर्यंत, हेच म्हणतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. नानांचं १८४७ चं मत आज कायद्यात आहे, धोरणात आहे, गौरवात आहे. ते शाळेत नाही.

मुंबई पब्लिक स्कूल म्हणून आपण इंग्रजी माध्यमाच्या ज्या शाळा काढल्या, त्यांच्या इमारती, प्रयोगशाळा, प्रवेशासाठी लागणाऱ्या रांगा मी पाहिल्या आहेत. गरिबाच्या मुलाला चांगली शाळा देण्याचं ते काम मोलाचं आहे आणि त्याचं कौतुक व्हायलाच हवं. पण पालक त्या रांगेत का उभा राहतो? स्वच्छ वर्ग, नवा रंग, लहान शिशूपासून वर्ग, पुढे दहावीपर्यंत सलग सोय, या गोष्टी त्याला दिसतात. ह्याच गोष्टी मराठी शाळेला दिल्या आणि जोडीला दमदार इंग्रजी शिकवणारा शिक्षक दिला, तर तो कोणत्या रांगेत उभा राहील, हे आपण खऱ्या अर्थानं कधी करून पाहिलं आहे का? ज्या मराठी शाळेला बालवाडी नाही, जिचं छप्पर गळतं आणि सातवीनंतर पुढे काय याचं उत्तर नाही, तिच्याकडे पालक फिरकत नाहीत. याला मराठीची हार म्हणणं अन्यायाचं आहे.

म्हणून माझ्या काही मागण्या आहेत. त्या नानांच्या वाटेनं जाणाऱ्या आहेत असं मी मानतो.

पहिली आणि सर्वांत मोठी मागणी सलगतेची. महापालिकेच्या प्रत्येक मराठी प्राथमिक शाळेला बालवाडी जोडावी आणि तिथल्या प्रत्येक मुलाला चालत जाता येईल अशा अंतरावर दहावीपर्यंतच्या मराठी माध्यमिक शाळेत जागेची हमी द्यावी. ही हमी प्रवेशाच्या दिवशीच लेखी मिळावी. पालकाच्या मनातली सर्वांत मोठी भीती यानं जाईल. त्याच शाळांत पहिलीपासून इंग्रजी भाषा म्हणून उत्तम शिकवावी, त्यासाठी खास प्रशिक्षण घेतलेले शिक्षक नेमावेत, आणि वरच्या वर्गांत गणित-विज्ञानासाठी सेमी इंग्रजीचा पर्याय ठेवावा. १८२७ चा निधी आणि १८४७ चं मत एकाच माणसाचं होतं. या दोन्हींना एका शाळेत जागा देता येते.

दुसरी मागणी पारदर्शकतेची. यापुढे कोणतीही मराठी शाळा बंद किंवा विलीन करण्याआधी तिचा गेल्या दहा वर्षांचा पट, शिक्षकांची संख्या, दुरुस्तीवर झालेला खर्च आणि परिसरातल्या वस्तीची माहिती वॉर्डात जाहीर करावी आणि पालकांची खुली सुनावणी घ्यावी. नानांनी आपलं मत लेखी दिलं म्हणून आज ते आपण वाचू शकतो. शाळा बंद करणाऱ्यांनीही आपली कारणं लेखी द्यावीत. पुढच्या पिढ्यांना तीही वाचता येतील.

तिसरं, नानांचं ते मत आणि पेरींचं उत्तर मराठीत आणून महापालिकेच्या प्रत्येक शाळेत ठेवावं. दोन्ही सरकारी शैक्षणिक दस्तऐवजांच्या छापील संग्रहात आहेत, शोधायला कुठे लांब जावं लागणार नाही. आठवी-नववीच्या मुलांनी दोन्ही बाजू वाचून वर्गात वाद घालावा. पेरींची बाजूही वाचू द्या, ती पोकळ नव्हती. राणीच्या बागेतल्या संग्रहालयात दर वर्षी आपल्या शाळांची मुलं जावीत आणि हे संग्रहालय उभं करणाऱ्यांत नाना होते, हे त्यांना तिथेच मराठीतून सांगावं.

मराठीतून शास्त्र शिकवण्यासाठी साहित्यही लागेल. नानांच्या सोसायटीकडे मोजकी माणसं आणि वर्गणीचा पैसा होता, तरी तिनं गणिताची पुस्तकं करून दाखवली. आपली महापालिका देशातली सर्वांत श्रीमंत महापालिका म्हणून ओळखली जाते. तिनं आपल्याच शाळांतल्या उत्तम शिक्षकांना दोन वर्षं मोकळं करून विज्ञान-गणिताची पूरक पुस्तकं आणि प्रयोगांची चित्रफीत मराठीत तयार करायला बसवलं, तर त्याचा उपयोग साऱ्या महाराष्ट्राला होईल. तुम्ही आठ भाषांतून शाळा चालवता, ही या शहराची थोरवी आहे. उर्दू, गुजराती, तमिळ, तेलुगू, कन्नड शाळांनाही हेच द्या. नानांनी देशी भाषांची बाजू मांडली तेव्हा शेजारी मक्बा आणि फ्रामजी होते, हे विसरून चालणार नाही.

नानांच्या पश्चात त्यांच्या नावानं संस्कृतची शिष्यवृत्ती सुरू झाली. १९१२ च्या मॅट्रिकला ती चिंतामणराव देशमुखांनी मिळवली, आणि आजही ‘शंकरशेट’ मिळणं हा घरादाराचा अभिमान असतो. तशीच, महापालिकेच्या मराठी शाळेतून दहावी होऊन पुढे विज्ञान किंवा अभियांत्रिकी शिकणाऱ्या मुलामुलींसाठी महापालिकेनं नानांच्या नावानं शिष्यवृत्ती ठेवावी, अशी माझी शेवटची सूचना आहे. रक्कम शहराच्या ऐपतीला शोभेल अशी असावी, कॉलेजची फी आणि वसतिगृह दोन्ही भागेल एवढी. सफाई कामगाराच्या मुलीला ती मिळाली की त्या वस्तीतल्या दहा घरांत पुढच्या वर्षीच्या प्रवेशाचा विचार बदलेल.

येत्या अर्थसंकल्पात यातल्या पहिल्या दोन मागण्यांसाठी तरतूद करावी आणि केलेली तरतूद वॉर्डनिहाय प्रसिद्ध करावी, ही विनंती. पत्राचं लेखी उत्तर मिळावं, अशी अपेक्षा आहे.

आपला विश्वासू,
महापालिकेच्या मराठी शाळेचा एक माजी विद्यार्थी, गिरगाव